केनियातील मोतीबिंदू शिबिर : प्रवास, परवानग्या आणि साहित्य यांची सांगड कशी घालावी?

अनुबंध (विचारणा)

नमस्कार.

आमच्या न्यासातर्फे येत्या फेब्रुवारीत केनियाच्या पश्चिम भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या किसुमू शहराजवळ, मोतीबिंदू शस्त्रक्रियांचे शिबिर घेण्याचा विचार पक्का होत आला आहे. तेथे काही पिढ्यांपासून राहणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या मंडळाने निमंत्रण दिले असून राहणे, जेवण आणि स्थानिक वाहने यांची व्यवस्था मंडळ पाहणार आहे. पथकात चार नेत्रशल्यचिकित्सक, एक भूलतज्ज्ञ, सहा परिचारिका व शस्त्रक्रियागृहातील सहायक, दोन नेत्रतपासनीस आणि आम्ही तीन बिगरवैद्यकीय कार्यकर्ते अशी सोळा माणसे आहेत. सुमारे दोनशे शस्त्रक्रिया कराव्यात असा मानस आहे.

जिल्ह्यातील पाड्यांवर तपासणी शिबिरे आम्ही नियमित घेतो; परंतु देशाबाहेर पथक नेण्याची ही पहिलीच वेळ असून समन्वयाचे काम माझ्याकडे आले आहे. प्रवासी कंपनीचे म्हणणे असे की, एकगठ्ठा तिकिटे या महिन्यात काढली तर बरीच स्वस्त पडतील. त्यानुसार शनिवारी शिबिर संपवून रविवारी पहाटे परतीचे विमान धरावे, असा बेत आहे. शहरातील डॉक्टरांनी आपुलकीने नमुन्याच्या औषधांची चार खोकी भरून दिली आहेत, आणि एका शल्यचिकित्सकांचा आग्रह आहे की त्यांचे फेको यंत्र (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढणारे) सोबत न्यावे. हे सारे सामान प्रवाशांच्या बॅगांमधून न्यावे की कार्गोने पाठवावे, औषधांसाठी कोणती परवानगी लागते, पीतज्वराची लस सर्वांनाच घ्यावी लागते का, आणि मुख्य म्हणजे या कामांचा क्रम कसा लावावा, हे ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

कनीनिका

तिकिटे अजून काढली नसतील तर थांबावे, हे आधी सांगते. आपल्या पत्रात यजमान मंडळाचा उल्लेख आहे. यजमान रुग्णालयाचा नाही, आणि पुढचे सगळे त्या रुग्णालयावर अवलंबून आहे. मी नेत्रशल्यचिकित्सक आहे आणि पूर्व आफ्रिकेत अशा पथकांबरोबर काम केले आहे, त्या आधारावर लिहीत आहे.

केनियात २०१० च्या राज्यघटनेनंतर आरोग्यसेवेचा मोठा भाग ४७ काउंटी (जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग) सरकारांकडे गेला. त्यामुळे नैरोबीतील कागद हातात असला तरी काउंटीच्या आरोग्य विभागाची संमती वेगळी घ्यावी लागते. परदेशी डॉक्टरांना तेथील मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलचा तात्पुरता परवाना आणि परिचारिकांना नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते. अर्ज यजमान संस्थेमार्फत करावे लागतात आणि डॉक्टरांच्या अर्जाला पदवी, नोंदणी व पासपोर्ट यांच्या प्रतींबरोबर आपल्याकडील परिषदेचे गुड स्टँडिंग सर्टिफिकेटही (नोंदणी चालू असून तक्रार नाही, असा दाखला) जोडावे लागते. ते मिळवण्यास वेळ जातो, म्हणून त्याचा अर्ज चारही शल्यचिकित्सकांनी याच आठवड्यात करावा. कोणी शासकीय सेवेत असेल तर त्यांच्या ना-हरकत पत्राला त्याहून अधिक वेळ लागेल, हे आपणास सांगायला नकोच. आणखी एक कागद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण भारतात जो व्यावसायिक जोखमीचा विमा भरतो, त्याचे संरक्षण सहसा भारतापुरतेच असते. केनियात काही विपरीत घडले तर उत्तरदायित्व कोणाचे, हे रुग्णालयाबरोबरच्या करारात लेखी असावे.

शस्त्रक्रिया कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहातच व्हावी. शाळेच्या वर्गात टेबले मांडून डोळे उघडण्याचे दिवस आपल्याकडेही संपले आहेत, आणि जे येथे चालत नाही ते तेथे चालवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आता संख्येविषयी. चार शल्यचिकित्सक आहेत म्हणून दिवसाला अमुक शस्त्रक्रिया होतील, असा हिशेब कोणी मांडला असेल तर तो खोडावा. आकडा ठरतो तो उपकरणांच्या संचांवर आणि ते वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर. १२१ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटे हे पुस्तकातले झाले. तापण्याचा, वाफ सोडण्याचा आणि संच वाळण्याचा वेळ धरला तर एक फेरी तासाच्या घरात जाते. एका फेरीत सहा संच बसत असतील आणि दिवसात सहा फेऱ्या निघत असतील, तर छत्तीस रुग्णांपलीकडे जाता येत नाही, मग टेबलाशी चार जण उभे असोत की आठ. घाईच्या वेळी संच नुसते द्रावणात बुडवून पुढच्या रुग्णाला वापरण्याचा मोह होतो, आणि संसर्गाला वाट मिळते ती तिथेच.

फेको यंत्राचा आग्रह मोडून काढावा. तेथे येणारे मोतीबिंदू पुष्कळदा पिकून तपकिरी-काळे, कठीण झालेले असतात. त्यांच्यासाठी लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया, जिला आम्ही एसआयसीएस म्हणतो, तीच अधिक भरवशाची. तिला चांगला सूक्ष्मदर्शक आणि सरावलेला हात एवढेच लागते. यंत्र नेले की त्याच्या नळ्या, कॅसेट आणि स्टॅबिलायझर आले, आणि ते मध्येच बंद पडले तर दुरुस्त करणारा माणूसही न्यावा लागतो. एसआयसीएससाठी डोळ्यात बसवायची, न दुमडणारी पीएमएमए (कडक प्लॅस्टिकची) भिंगे चालतात. ती स्वस्त असतात, आणि मदुराईच्या ऑरोलॅबसारखे उत्पादक ती भारतातच करतात. भिंगे मात्र सरसकट एका क्रमांकाची घेऊ नयेत. बहुतांश प्रौढ डोळ्यांना अधिक १८ ते अधिक २४ डायॉप्टरमधले भिंग लागते, त्यातही २० ते २२ या पट्ट्यातले सर्वाधिक. दोन्ही टोकांची थोडी थोडी ठेवावीत. त्यासाठी डोळ्याची लांबी मोजणारे ए-स्कॅन यंत्र सोबत हवेच. क्रमांकाप्रमाणे खोकी लावून प्रत्येकावर मोठ्या अक्षरात आकडा लिहावा, कारण संध्याकाळी सहा वाजता थकलेल्या सहायकाच्या हातात २१ च्या जागी १२ येण्याला वेळ लागत नाही.

आणि परतीचे विमान. शनिवारी शेवटची शस्त्रक्रिया व रविवारी पहाटे उड्डाण हा बेत मला मान्य होण्यासारखा नाही. पट्टी दुसऱ्या दिवशी सुटते, परंतु डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो: दुखणे वाढते, लाली वाढते, आलेली दृष्टी पुन्हा धूसर होते. तेव्हा काही तासांच्या आत डोळ्यात व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही प्रतिजैविके देता आली पाहिजेत. शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर किमान एका शल्यचिकित्सकाने पाच-सहा दिवस तेथे राहावे आणि त्यापुढच्या सहा आठवड्यांच्या तपासण्या कोण करणार, त्या डॉक्टरांचे नाव रुग्णालयाने आधी लिहून द्यावे. हे ठरल्यावरच तिकिटाची तारीख ठरते. त्यापायी तिकीट महाग पडले तरी चालेल.

नाकेदार

मी मुंबईत कस्टम्स क्लिअरिंगचे काम करतो, त्यामुळे सामानापुरते लिहितो. वैद्यकीय बाजू कनीनिका यांनी मांडली आहेच.

चार खोकी नमुन्याची औषधे येथेच ठेवावीत. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांची भावना चांगली आहे, परंतु जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून आहेत, ती १९९९ आणि २०१० मध्ये सुधारली गेली, आणि त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, डॉक्टरांना नमुना म्हणून मिळालेली किंवा रुग्णांनी परत केलेली औषधे दान करू नयेत आणि पोहोचताना औषधाची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी. हे नियम हवेतून आलेले नाहीत. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधे येऊन पडली. त्यांतली पुष्कळशी तेथे कोणाला वाचता न येणाऱ्या भाषेतील लेबलांची होती, आणि जी निरुपयोगी ठरली ती नष्ट करण्याचा भार त्याच लोकांवर पडला. आपली चार खोकी नैरोबीच्या विमानतळावर उघडली गेली तर अधिकाऱ्याला एका खोक्यात शेकडो प्रकारच्या पट्ट्या, प्रत्येकीचा बॅच वेगळा, मुदत वेगळी, असे दिसेल. त्याने ती अडवली तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

जी औषधे न्यायचीच आहेत त्यांची यादी मूळ औषधी नाव, मात्रा, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत, नगसंख्या आणि किंमत या स्तंभांत तयार करून ती यजमान रुग्णालयाला पाठवावी. केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची आयात परवानगी ते काढतील, आणि त्या परवानगीवर जे नाही ते बॅगेत नसावे. माल दानाचा आहे म्हणून कर आपोआप माफ होत नाही. माफीसाठीही माल निघण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. कागदोपत्री माल घेणारा म्हणून रुग्णालयाचे नाव असावे. व्यापारी मंडळाचे किंवा एखाद्या सद्गृहस्थांचे नाव घातले की औषधांचा व्यापार होतो आहे की काय, अशी शंका घेण्यास जागा राहते.

केटामाइन, मिडाझोलाम, फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांपैकी काहीही भूलतज्ज्ञांच्या पेटीत टाकून नेता येत नाही. ही सारी आपल्याकडील एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांच्या निर्यातीला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोची मान्यता आणि त्याआधी केनियाकडून आयातीचा दाखला लागतो. लागलीच तर रुग्णालयाने आपल्या साठ्यातून ती द्यावीत.

बॅगा की कार्गो, याचे उत्तर सामानावर आहे. कार्गोने पाठवण्यासाठी न्यासाचा आयात-निर्यात कोड, शिपिंग बिल आणि पलीकडे माल सोडवून घेणारा एजंट लागतो. भिंगे, टाके आणि उपकरणांचे संच यांचे एकूण वजन पाहता एवढा उपद्व्याप करण्याचे कारण मला दिसत नाही. भिंगे हलकी असतात. वजन खाते ते शस्त्रक्रियेत डोळा धुण्याचे द्रावण. रुग्णामागे रिंगर लॅक्टेटची अर्ध्या लिटरची एक बाटली धरली तरी दोनशे शस्त्रक्रियांना शंभर किलोंहून अधिक भरते. पाणी विमानाने न्यायचे कशाला? ते तेथे विकत घ्यावे. स्पिरिट, फॉर्मालिन आणि इथिलीन ऑक्साइडची काडतुसेही प्रवासी सामानात नेऊ नयेत.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्या पिशवीतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी घ्यावी, त्यापुढे नेताच येत नाहीत. वॉट-तास लिहिलेले नसतील तर मिलिअँपिअर-तासांना १,००० ने भागून व्होल्टने गुणावे: वीस हजारांची ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ भरते. हातातील स्लिट लॅम्प (डोळा तपासण्याचा दिवा) आणि अशाच इतर उपकरणांच्या बॅटऱ्यांचा हिशेब आधीच करून कागद चिकटवावा.

ए-स्कॅन आणि सूक्ष्मदर्शक परत आणायचे असल्याने मुंबईहून निघताना विमानतळावरील कस्टम्स अधिकाऱ्याला ते प्रत्यक्ष दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावे, म्हणजे परतल्यावर त्यांवर आयातशुल्क मागितले जाणार नाही. त्यासाठी अनुक्रमांक आणि खरेदीची बिले सोबत लागतात. हे काम चेक-इनच्या आधी करायचे असते, बॅग पट्ट्यावरून गेल्यावर काही करता येत नाही. म्हणून त्या दिवशी विमानतळावर तासभर आधी पोहोचावे.

किसुमूकर

मी मूळचा सातारचा. कामानिमित्त बरीच वर्षे पश्चिम केनियात आहे.

फेब्रुवारी योग्य महिना निवडला आहे. मार्चपासून मेपर्यंत मोठा पाऊस असतो, आणि तेव्हा खेड्यांतून रुग्णांना रुग्णालयापर्यंत आणणेच अवघड होते. मुंबई-नैरोबी हा थेट विमानाचा सुमारे सहा तासांचा प्रवास. नैरोबी ते किसुमू विमानाने पाऊण तास, रस्त्याने नाकुरूमार्गे साधारण साडेतीनशे किलोमीटर. देशांतर्गत विमानांत सामानाची मर्यादा कमी असते, त्यामुळे माणसे विमानाने आणि पेट्या रस्त्याने अशी विभागणी करावी, पेट्यांबरोबर मात्र आपला एक माणूस असावा. रात्रीचा प्रवास टाळावा.

जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ईटीए ही ऑनलाइन पूर्वपरवानगी आली आहे. ती देशात येण्यापुरती आहे. डॉक्टर म्हणून काम करण्यासाठी इमिग्रेशन विभागाचा स्पेशल पास लागेल का, याचे लेखी उत्तर रुग्णालयाकडून घ्यावे. अर्जात प्रवासाचा उद्देश खरा लिहावा. "पर्यटन" लिहून बॅगेत शस्त्रक्रियेची उपकरणे घेऊन उतरलेल्या माणसाला काय विचारले जाईल, हे सांगण्याची गरज नाही.

पीतज्वराच्या लशीबाबत घोटाळा होतो तो असा. भारतातून थेट येणाऱ्याला केनियात शिरताना ती दाखवावी लागत नाही, म्हणून काही जण ती टाळतात. परंतु केनियातून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागतेच, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य आहे. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच घ्यावी. त्यांचे वार आणि दिवसाची संख्या ठरलेली असते, त्यामुळे सोळा जणांना एकाच दिवशी मिळेल असे धरू नये. प्रमाणपत्रावरचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. साठीपुढच्या सदस्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण त्यांना या लशीचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

मलेरियाबाबत नैरोबीचा अनुभव किसुमूला लावू नये. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. किसुमू सरोवराकाठी आहे आणि येथे मलेरिया बारमाही असतो. प्रतिबंधक गोळ्या प्रत्येकाने घ्याव्यात. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावरही चार आठवडे ती चालू ठेवायची असते, आणि नेमके तेव्हाच लोक ती सोडतात. परतल्यानंतर कोणाला ताप आला तर रक्ततपासणी त्याच दिवशी करावी आणि डॉक्टरांना केनियाचे नाव सांगावे.

विजेचा दाब जवळपास भारतासारखाच आहे, २४० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. पण सॉकेट ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची, १३ अँपिअरची आहेत. आपल्याकडच्या ऑटोक्लेव्हचा जाड गोल पिनांचा १६ अँपिअरचा प्लग त्यात बसत नाही, आणि बाजारातले स्वस्त अ‍ॅडॅप्टर लावून तीन किलोवॉटच्या आसपास भार ओढला की ते वितळते. रुग्णालयाचाच ऑटोक्लेव्ह वापरावा, नाहीतर त्यांच्या वीजतंत्र्याकडून स्वतंत्र जोडणी करून घ्यावी.

एक बारीक गोष्ट. ऑगस्ट २०१७ पासून येथे प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगांवर कडक बंदी आहे आणि विमानतळावरही त्या काढून घेतल्या जातात. उत्पादकाने मोहोरबंद केलेल्या वेष्टनाचा प्रश्न नाही. परंतु आपल्याकडे रुग्णांना द्यायचे थेंब आणि काळा चष्मा जसे पातळ पिशवीत बांधून ठेवतात तसे बांधून आणू नयेत. कापडी किंवा कागदी पिशव्या आणाव्यात.

संमतिपत्र स्वाहिलीत आणि धोलुओत (इकडच्या लुओ लोकांच्या भाषेत) असावे. शहरात इंग्रजी चालते, पण खेड्यातून आलेल्या आजीला थेंब दिवसातून किती वेळा घालायचे हे तिच्या भाषेतच सांगावे लागेल. किरकोळ खर्चासाठी रोख फार बाळगू नये. येथे भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे व्यवहार एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेवर) होतात, तेव्हा यजमानांपैकी एकाच्या खात्यावरून खर्च करून रोज संध्याकाळी हिशेब मिटवणे सोपे जाते.

उलटतपासणी

सर्वांनी तपशील उत्तम दिले आहेत, पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. सोळा जणांच्या विमानभाड्यात आणि राहण्याच्या खर्चात तेथील रुग्णालय स्वतः किती शस्त्रक्रिया करील? किसुमूपासून जवळच, विहिगा काउंटीत, सबातिया येथे डोळ्यांचे रुग्णालय आहे; नैरोबीजवळ किकुयू येथेही आहे. पैसे पाठवून घरी बसणे अधिक उपकारक ठरणार नाही का?

कनीनिका

प्रश्न रास्त आहे, आणि मी तो झटकून टाकणार नाही. ज्या गावात वर्षभर काम करणारे नेत्ररुग्णालय आहे तेथे आपण दहा दिवस फुकट शस्त्रक्रिया करून आलो, तर रुग्ण पुढच्या फुकट शिबिराची वाट पाहत घरी थांबतात आणि त्या रुग्णालयाची घडी विस्कटते. म्हणून जाण्यापूर्वी तेथील नेत्रविभागाला दोन प्रश्न विचारावेत: तुमच्याकडे प्रतीक्षायादी किती आहे, आणि ती साचण्याचे कारण काय? कारण शल्यचिकित्सकांची कमतरता हे असेल तर पथकाचा उपयोग आहे. भिंगे आणि टाके संपले हे असेल, तर ती पाठवावीत आणि पथक नेऊ नये.

केनियात क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण रुग्ण तपासून उपचार करणारे प्रशिक्षित अधिकारी) या वर्गातून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेले लोक आहेत. जिल्ह्यांतील पुष्कळसे काम तेच करतात. आपल्या दोन शल्यचिकित्सकांनी त्यांच्याबरोबर एकाच टेबलावर काम केले तर कठीण मोतीबिंदूचा सराव त्यांना मिळतो, आणि पुढच्या तपासण्यांचा प्रश्नही सुटतो, कारण ज्याने शस्त्रक्रिया केली तोच तेथे असतो. अशा मांडणीत चार शल्यचिकित्सक लागत नाहीत. भूलतज्ज्ञही लागत नाहीत, कारण मुलांच्या शस्त्रक्रिया अशा शिबिरात घेऊच नयेत आणि प्रौढांना डोळ्याशेजारचे इंजेक्शन पुरते.

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे. अनुबंध, आपला न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल, तर न्यासपत्रातील उद्दिष्टांमध्ये भारताबाहेरील काम बसते का, हे आधी वाचून पाहावे. दुसरे म्हणजे, न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च आयकराच्या दृष्टीने धर्मादाय उपयोग म्हणून धरला जावा यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. ती नसेल तर तेवढ्या रकमेवरील सूट जाऊ शकते. म्हणूनच अनेक पथकांत प्रत्येक सदस्य आपले तिकीट आपल्या पैशाने काढतो. देणगीदारांकडून या शिबिराच्या नावाने रक्कम स्वीकारण्यापूर्वी आपल्या लेखापरीक्षकांचे मत लेखी घ्यावे.

अनुबंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल विश्वस्तांच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. तिकिटे थांबवली आहेत. यजमान मंडळाला पत्र लिहून ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार त्याच्या नेत्रविभाग प्रमुखांशी थेट बोलणे करून देण्याची विनंती केली आहे, आणि कनीनिका यांचे दोन प्रश्न जसेच्या तसे त्यांना पाठवले आहेत. त्यांचे उत्तर पथक हवे असे आले तर दोन शल्यचिकित्सक, चार सहायक, एक नेत्रतपासनीस आणि मी असे आठच जण जाऊ, आणि त्यांपैकी एक शल्यचिकित्सक शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर सहा दिवस थांबतील. त्यांनी तसे कबूल केले आहे. फेको यंत्राचा विषय मिटला, थोड्या नाराजीने का होईना. नमुन्याच्या औषधांपैकी मुदतीत असलेली आमच्याच बाह्यरुग्ण विभागाच्या औषधनिर्मात्यांकडे (फार्मासिस्टकडे) छाननीसाठी दिली आहेत.

एक शंका राहिली. भुलीच्या इंजेक्शनात मिसळण्याचे हायल्युरोनिडेज आमच्या पुरवठादाराकडे जे मिळते त्याच्या वेष्टनावर २ ते ८ अंश तापमानात ठेवावे असे लिहिले आहे. घरापासून किसुमूपर्यंत हा सारा प्रवास दिवसाहून अधिक भरेल. ते कसे न्यावे?

कनीनिका

पहिल्यांदा रुग्णालयाला विचारावे की त्यांच्याकडे ते असते का. नेत्रविभाग चालू असेल तर बहुधा असते, आणि मग न्यायचा प्रश्नच नाही. न्यावेच लागले तर लसीकरणासाठी वापरतात तसली जाड भिंतीची छोटी पेटी घ्यावी. गोठवलेल्या जेलच्या पिशव्या बाहेर काढून त्यांवर दव सुटेपर्यंत थांबावे आणि मगच त्या पेटीत लावाव्यात, नाहीतर कुप्या ८ अंशांच्या वर जाण्याऐवजी शून्याखाली जातात, आणि तेही तितकेच वाईट. कुप्या पिशव्यांना थेट टेकू नयेत, मध्ये पुठ्ठा किंवा कापड असावे.

नाकेदार

पेटी केबिनमध्ये न्यायची असल्यास वितळू लागलेली जेलची पिशवी सुरक्षा तपासणीत द्रव म्हणून धरली जाऊ शकते. त्यासाठी विमान कंपनीला आठवडाभर आधी ई-मेल करून लेखी उत्तर घ्यावे, आणि ते उत्तर, डॉक्टरांचे पत्र व आयात परवानगीची प्रत पेटीच्या झाकणावरच पारदर्शक पाकिटात लावावी. पेटीत छोटा तापमापक ठेवून घरून निघताना, मुंबईत, नैरोबीला उतरल्यावर आणि किसुमूच्या फ्रिजमध्ये ठेवताना आकडा व वेळ लिहावी. मर्यादा ओलांडलेली दिसली तर त्या कुप्या वापरायच्या की नाहीत, हे डॉक्टरांना त्या नोंदीवरून ठरवता येईल.